झेनाइदाची सवत

ला रेइना वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, की ओनेलिओने एक दुसरी ठेवली आहे. ती स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या खोलीत फळीवर असायची, दिवसरात्र घुमायची, आणि घरातला एकुलता एक धड पंखा तिच्याच तोंडापुढे लावलेला असायचा. ही बातमी कुणा चहाडखोराने पसरवली नव्हती, खुद्द त्याच्या बायकोने, झेनाइदाने, पसरवली होती. पावाच्या रांगेत उभी राहून ती खणखणीत आवाजात सांगायची, "मला कुठला गं पंखा. पंखा सवतीला. मी घामाने विरघळले तरी चालेल, तिला जरा गरम झालं की नवऱ्याचं तोंड उतरतं."

सवत म्हणजे एक जुना लॅपटॉप. त्याचा पडदा फुटलेला, म्हणून तो एका जुनाट टीव्हीला जोडलेला. त्याची स्वतःची बॅटरी मेलेली, म्हणून खाली ट्रकची बॅटरी बसवलेली. आणि त्याच्या पोटात ओनेलिओची बाग. बाग हा त्याचाच शब्द. घरच्या अंगणात सगळं सिमेंट, कोपऱ्यात एक पेरूचं झाड, आणि हा माणूस आत अंधाऱ्या खोलीत बसून म्हणणार, "जरा बागेत आहे."

ओनेलिओ साखर कारखान्यात दाबाची घड्याळं दुरुस्त करायचा. कारखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, आणि हा घरी आला तो डोक्यात सगळा कारखाना घेऊन. मग त्याने लिहायला घेतलं. भोंग्याबद्दल, उसाच्या चिपाडांच्या वासाबद्दल, आईच्या हातच्या, मालंगाच्या कंदांच्या भज्यांबद्दल, मोडक्या पंख्याची मोटर कशी गुंडाळायची त्याबद्दल. आधी तो हे सगळं परदेशातल्या कुठल्याशा फुकटच्या जागेवर ठेवायचा. चारेक वर्षं ठेवलं असेल. एका सकाळी तिथे एकच ओळ दिसली: ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही. तक्रार करायला दार नाही, खिडकी नाही. त्या दिवशी ओनेलिओ जेवला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "दुसऱ्याच्या जमिनीत झाडं लावली. चूक माझी आहे."

तेव्हापासून सगळं स्वतःच्या घरात, स्वतःच्या यंत्रावर. कंपनी नको, परवानगी नको. जे आठवलं ते त्याने पहिल्यापासून परत लिहिलं. त्या बागेतलं पान कधी पुरं व्हायचं नाही. नवीन पानाला तो बी म्हणायचा, जरा वाढलं की रोप, आणि वर्षानुवर्षं खतपाणी घातलेलं पान म्हणजे झाड. एका पानावरून दुसऱ्यावर जायच्या वाटा होत्या, त्यांना तो वेली म्हणायचा. भोंग्याच्या पानावरून वेल जायची आजोबांच्या बहिरेपणावर, तिथून सीबाच्या झाडाच्या फुलावर, तिथून आणखी कुठे. वस्तीतले लोक आपल्या फोनवरून त्या बागेत फिरून यायचे, पंखा दुरुस्त करायचा असला की हमखास.

झेनाइदाही एकदा फिरून आली होती. चोरून. तिला फक्त एकच गोष्ट बघायची होती, आपल्या नावाचं पान आहे का. मायतेच्या नावाचं होतं, मुलगी होती ती, असणारच. मेलेल्या कुत्र्याच्या नावाचं होतं. कारखान्यातल्या एका पाचर मारलेल्या व्हॉल्व्हचंसुद्धा होतं. झेनाइदाचं नव्हतं. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर बरेच दिवस तिच्या डाळीत मीठ जास्त पडायचं.

बोलायचं तर ती तशी बोलायचीच. शाळेच्या जेवणघरात तिने जन्म काढला होता. शंभर पोरांना एका दमात वाढायचं, आणि ते गार व्हायच्या आत पोटात जायला हवं, हा तिचा धर्म. गार भात वाढणाऱ्या बाईला लाज नसते असं ती म्हणायची. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, शाळेत पोरांना आणि घरात नवऱ्याला: जेवायला ये, गार होतंय. पोरं धावत यायची. नवरा धुण्याच्या खोलीतून "आलोच" म्हणायचा आणि यायचा नाही. रोज. मग ती ताट झाकून ठेवायची आणि सवतीचा उद्धार करत भांडी घासायची.

मग एका सकाळी ओनेलिओ अंगणात कोसळला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि भाषा गेली. इस्पितळातून घरी आणला तेव्हा त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता. भूक लागली? "तेच, तेच." दुखतंय का? "तेच, तेच." मायतेचा दूर मोन्तेविदेओहून फोन आला, ती पलीकडे रडत होती, हा इकडे हसऱ्या चेहऱ्याने सांगत होता, "तेच, तेच." डोळे मात्र सगळं समजत असल्यासारखे. झेनाइदाला तेच सहन व्हायचं नाही.

वाचेची डॉक्टर आठवड्यातून एकदा यायची. ती म्हणाली, "ज्याच्यात त्याचा जीव होता ते ऐकवत जा. विचार करून बोलायचं ते गेलंय. पण सवयीचं जे असतं ना, मोजणी, शिव्या, गाणी, ते कुठेतरी दुसरीकडेच साठवलेलं असतं. कधी आपोआप बाहेर पडतं."

ज्याच्यात जीव होता ते. झेनाइदा मुकाट्याने धुण्याच्या खोलीत गेली, सवतीवरची धूळ पुसली, आणि आपल्या फोनवर बाग उघडली. पहिल्या संध्याकाळी तिने पेरूच्या झाडाचं पान वाचून दाखवलं. ते झाड कुणी लावलं, कुठल्या वादळात वाकलं, कोणत्या फांदीची फळं आतून गुलाबी निघतात. तिला वाचनाची सवय नव्हती, अडखळत वाचत होती. ओनेलिओ मान कलती करून ऐकत होता. पान संपलं तेव्हा त्याचे ओठ हलले, हनुवटी थरथरली, आणि तो म्हणाला, "पेरू."

तिने फोन मांडीवर ठेवला आणि हंबरडा फोडला. शेजारची यामिल्का धावत आली, तिला वाटलं म्हातारा गेला.

तेव्हापासून रोज एक पान. सगळ्या पानांना शब्द यायचा नाही, पण भोंग्याच्या पानाला "बाबा" आला, भज्यांच्या पानाला "अजून" आला. "अजून" म्हणजे तर सोन्याचं नाणं. बागेत शेकडो पानं होती, म्हणजे शेकडो संध्याकाळी होत्या. झेनाइदाला आयुष्यात पहिल्यांदा सवतीचा आधार वाटायला लागला. तिच्यासमोरचा पंखा ती दिवसातून दोनदा पुसायची.

असंच चाललं असतं, पण एके दिवशी आर्सेनिओ आला. आर्सेनिओ म्हणजे मायतेचा मानलेला बाप, बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा, त्यामुळे तो झेनाइदाला कोमाद्रे म्हणायचा. ओनेलिओसारखाच यंत्रवेडा. असे पाच जण होते ते, सगळे पन्नाशी-साठीतले, रविवारी आर्सेनिओच्या ओसरीवर जमून स्वतःच्या यंत्रांचं कौतुक सांगणारे. तो मित्राजवळ बसला, त्याच्या निर्जीव हातावर हात ठेवून खूप बडबडला, आणि जाता जाता धुण्याच्या खोलीत डोकावला.

"कोमाद्रे, हे शेवटचं बंद कधी झालं होतं?"

"झालंच नाही. हा आजारी पडल्यापासून मी विझू दिलं नाही. वीज गेली तरी बॅटरी ओढते."

"मग यापुढेही होऊ देऊ नकोस."

"का?"

"चालू आहे तोवर उघडं आहे. एकदा बंद पडलं, की परत सुरू होताना शब्द मागतं. शब्द दिल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. कुणालाच नाही."

"मग तो शब्द कुठेतरी लिहिलेला असेलच की."

आर्सेनिओ बुटांकडे बघायला लागला. "आमच्यात ठरलेलं होतं. शब्द लिहायचा नाही. बायकोला नाही, पोराला नाही, कागदावर नाही. लिहिलेला शब्द म्हणजे उंबऱ्यावर ठेवलेली किल्ली."

"पण तुझ्या घरी याचा तो काळा डबा आहे ना? मीच दिला होता तुला, केळ्यांच्या पिशवीत घालून. सगळ्या बागेची नक्कल आहे त्यात असं म्हणत होता हा."

"आहे की. रोजच्या रोज भरतोय. पण तोही त्याच शब्दाने बंद. माझा याच्याकडे, याचा माझ्याकडे, आणि कुणी कुणाचा उघडायचा नाही. तशीच तर मजा होती त्यात."

"मजा," झेनाइदा म्हणाली. "म्हणजे पाच शहाणे एकत्र बसून एकमेकांची कुलपं सांभाळत होते. आणि किल्ली कुठे, तर डोक्यात. ज्या डोक्यात आता 'तेच तेच' शिवाय काही राहिलं नाही त्या डोक्यात."

आर्सेनिओने कबूल केलं, की पाल्मिरा गावात एकाकडे रिकामी डिस्क आहे, ती आणतो आणि यंत्र चालू असतानाच सगळी बाग तिच्यावर उतरवून घेतो. दोन-चार दिवसांत. "तेवढे दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळ," असं म्हणून तो सायकलवर बसला.

दुसऱ्याच दिवशी अख्ख्या बेटाची वीज गेली. रोजच्यासारखी पाळीपाळीने नाही, एका दमात सगळी. रेडिओवाल्यांनाही सांगता येईना कधी येईल ते. बस बंद, फोन अर्धेमुर्धे बंद, आणि आर्सेनिओ तिकडे पाल्मिरात अडकलेला.

झेनाइदाचा जीव टांगणीला लागला. तिने टीव्हीची वायर काढली, सवतीसमोरचा पंखा काढला आणि स्वतः पुठ्ठा घेऊन वारा घालत बसली. बॅटरीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला तशी ती तरातरा यामिल्काच्या दारात गेली. यामिल्का विजेच्या स्कूटरवरून घरोघरी केक पोचवायची. त्या स्कूटरची बॅटरी दणकट.

"मावशी, सवतीसाठी माझी बॅटरी?" यामिल्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. "परवापर्यंत तिला समुद्रात बुडवायला निघाली होतीस."

"बुडवीन. आधी तिच्या पोटात माझा नवरा आहे तो काढून घेते, मग बुडवीन."

यामिल्काच्या ओठांवरचं हसू गेलं. तिने बॅटरी काढली, दोघींनी ती मधे धरून आणली, आणि यामिल्काने तारा जोडून दिल्या. "माझे केक असेही विरघळलेत," ती म्हणाली. "पण मावशी, हीसुद्धा उद्या दुपारच्या पलीकडे जायची नाही. खोटं कशाला सांगू."

उद्या दुपार. झेनाइदाने हिशोब एकच केला, की तोवर जेवढी पानं वाचून होतील तेवढी याच्या कानात घालायची. बाग जाणारच असेल तर निदान ह्याच्यात उतरू दे. पहाटेपासून ती वाचत सुटली. एक पान, दुसरं, तिसरं, वेलीवरून वेलीवर. घसा बसला तरी वाचत राहिली. ओनेलिओला पहिल्यांदा मजा वाटली, मग तो थकला, मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने खुर्ची भिंतीकडे नेली आणि तिथे वाचायला लागली. त्याने डोळे मिटले.

"मिटू नकोस," ती म्हणाली. "ऐक. नाहीतर शब्द सांग. एक शब्द, ओनेलिओ. तो सांग, मग झोप."

"तेच, तेच."

"तेच नव्हे. तो शब्द. किल्ली." तिने त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. जोरात हलवलं. त्याची मान लुळी पडून मागेपुढे झाली आणि डोळ्यांतून पाणी आलं. डाव्या हाताने त्याने तिचं मनगट धरलं, आणि कुणीतरी लहान मूल माफी मागतं तसं हळू म्हणाला, "तेच, तेच, तेच."

तिने हात सोडले. मनातल्या मनात स्वतःला सगळ्या शिव्या घातल्या. मग त्याचं तोंड पुसलं, स्वतःचं पुसलं, आणि परत फोन उचलला. पानाच्या मधेच फोन अडकला. पुढची ओळ येईना. धुण्याच्या खोलीतून इतकी वर्षं येणारा तो घुमणारा आवाजही थांबला होता. आधी तिला कळलंच नाही काय कमी झालं. ती उठून गेली आणि अंधारात फळीपुढे उभी राहिली. यंत्र अजून कोमट होतं. ती त्याच्यावर पालथा हात ठेवून, ते गार होईस्तोवर तशीच उभी राहिली.

वीज आली ती दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी. सगळ्या वस्तीत एकच ओरडा झाला, आली, आली. कुणी पातेली वाजवली. झेनाइदा उठली नाही. थोड्या वेळाने तिने टीव्ही परत जोडला आणि यंत्र सुरू केलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि तिच्या शेवटी एक छोटा चौकोन उघडझाप करत बसला. शब्द मागत.

आर्सेनिओ संध्याकाळी पोचला, धुळीने माखलेला, डिस्क शर्टाच्या आत पोटाशी बांधलेली. दारातच त्याला झेनाइदाचा चेहरा दिसला आणि त्याने डिस्क मुकाट्याने टेबलावर ठेवली.

पुढचे दिवस वीज यायची तेव्हा आर्सेनिओ यायचा. चाकाची खुर्ची नव्हती, म्हणून ओनेलिओला लाकडी खुर्चीसकट उचलून धुण्याच्या खोलीत आणायचे, त्याला बरं वाटायचं तिथे. आर्सेनिओ एकेक शब्द घालून बघायचा. मायते. मायतेचा जन्मदिवस. आईचं नाव. कारखान्याचं नाव, सरळ आणि उलटं. मेलेला कुत्रा. यंत्र प्रत्येक वेळी जरा विचार केल्यासारखं करायचं आणि नाही म्हणायचं.

"तुझं नावही घालून बघितलं," आर्सेनिओ एकदा म्हणाला.

"ते नसणार," झेनाइदा म्हणाली. "त्या बागेत मी नाहीये."

इकडे ओनेलिओ मिटत चालला होता. वाचायला पानं नाहीत, म्हणून झेनाइदा स्वतःच्या मनाने गोष्टी सांगायची, पण तिच्या गोष्टी त्याच्या नव्हत्या. "अजून" गेला, "बाबा" गेला, शेवटी "पेरू"सुद्धा गेला. तो खायलाही तोंड उघडेना. पूर्वी ती हाक मारायची. आता हाक कशाला मारायची, चमचा तोंडाशी न्यायचा आणि वाट बघायची. डॉक्टरीणबाई वही मिटून म्हणाल्या, की असं होतं कधीकधी, धीर धरा. झेनाइदाला कळलं याचा अर्थ काय होतो. शाळेत एखादं पोर जेवणं सोडायचं तेव्हा तीही त्याच्या आईला हेच सांगायची.

एका दुपारी आर्सेनिओ हात टेकून बसला होता. कीबोर्ड जरा ओनेलिओच्या बाजूला सरकला होता. तेवढ्यात ओनेलिओने डावा हात उचलला, कीबोर्डवर ठेवला, आणि बोटं धडाधड चालवली. मग पडद्याकडे बघत बसला. पडदा नाही म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य उमटलं, जसं स्वतःच्या घराचं दार स्वतःच्या किल्लीने उघडू नये. त्याने परत तेच केलं.

"नको रे बाबा, उगाच," म्हणत आर्सेनिओने कीबोर्ड ओढून घेतला.

"दे त्याला," झेनाइदा म्हणाली.

"कोमाद्रे, त्याला काय कळतंय—"

"त्याला नसेल कळत. हाताला कळतंय. मी मीठ कधी मोजून टाकलंय का? दे म्हणते ना."

काळ्या पडद्यावर काय उमटतं ते दिसत नव्हतं, म्हणून आर्सेनिओने कीबोर्ड आपल्या फोनला जोडला. ओनेलिओची बोटं चालली. अक्षरं आली: व्ही ई ए सी ई आर क्यू ई एस ई ई एफ आर ए. परत करायला दिलं. पुन्हा तीच, त्याच ओळीने. पाच वेळा केलं, पाचही वेळा तीच. आर्सेनिओने ती यंत्रात घातली. यंत्र नाही म्हणालं.

"असा शब्दच नाही कुठे," आर्सेनिओ कपाळ चोळत म्हणाला. "निव्वळ खडखडाट आहे हा."

झेनाइदा नवऱ्याकडे बघत होती. त्याचा डावा हात कीबोर्डवर, उजवा मांडीवर पडलेला, तिनेच सकाळी तेल लावून ठेवलेला. ओनेलिओ टायपिंग शिकला होता कारखान्याच्या कचेरीत, नीट दहा बोटांनी, हे ती जाणून होती. लग्नाआधी तो ते मिरवायचा.

"आर्सेनिओ," ती म्हणाली, "उजव्या हाताची अक्षरं कुठायत?"

आर्सेनिओ उठून उभा राहिला. मग परत बसला. मग फोनवरची अक्षरं एकेक करत कीबोर्डवर तपासून बघितली. सगळी डाव्या बाजूची होती. उजव्या हाताने दाबायचं एकही नव्हतं. "अर्धं आहे हे," तो पुटपुटला. "अर्धा शब्द. हा अर्धा दाबतोय, आणि उरलेला दाबला असंच त्याला वाटतंय."

पण उरलेला अर्धा कुठून आणायचा? आर्सेनिओने डोकं चालवलं, दोन अक्षरांच्या मधे हे घाल, ते घाल. संध्याकाळ होत आली. वीज थरथरत होती, कधीही गेली असती. झेनाइदा अंगणात कोळशावर मालंगाचं सूप ढवळत होती. इतक्या जवळ येऊन नाही मिळालं तर आधी नव्हतं मिळालं त्याहून वाईट. तिने दोन वाट्या भरल्या. आर्सेनिओ सकाळपासून उपाशी होता, पडद्यात तोंड खुपसून बसला होता, अगदी याच्यासारखा, आणि तिच्या जन्माच्या सवयीने तिच्या तोंडून हाक निघाली.

"आर्सेनिओ, जेवायला ये, गार होतंय."

आतून उत्तर आलं. "आलोच."

आर्सेनिओचा आवाज नव्हता तो.

झेनाइदाच्या हातातलं सूप पायावर सांडलं आणि तिला ते भाजल्याचं कळलंसुद्धा नाही. ती दारात आली. ओनेलिओ काळ्या पडद्याकडे तोंड करून बसला होता, पाठमोरा, आणि त्याने मान वळवली नव्हती. कशाला वळवेल? इतक्या वर्षांत कधी वळवली होती? आर्सेनिओ तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होता.

"परत म्हण," आर्सेनिओ म्हणाला. "कोमाद्रे, जसंच्या तसं परत म्हण."

"वेन आ कोमेर, के से एन्फ्रीया," ती म्हणाली. जेवायला ये, गार होतंय. त्यांच्या भाषेत ते असं होतं.

आर्सेनिओने बोट फोनच्या पडद्यावर ठेवलं आणि सरकवायला लागला. "व्ही, ई. मग एन, ते उजव्या हाताचं. ए. सी. मग ओ, एम, दोन्ही उजवीकडची. ई, आर." बोट भरभर पुढे सरकलं. "क्यू, मग यू उजवीकडचं, ई. एस, ई. ई, एन उजवीकडचं, एफ, आर, आय उजवीकडचं, ए."

त्याने खुर्ची मागे घेतली आणि जागा करून दिली. झेनाइदा नवऱ्याच्या उजव्या बाजूला, मोरीच्या कट्ट्यावर बसली. तिला टायपिंग येत नव्हतं, आर्सेनिओ एकेक कळ दाखवत होता. ओनेलिओ एक अक्षर दाबायचा आणि त्याची बोटं पुढे धावायची, तिने त्याचा हात धरून थांबवायचं, आपलं अक्षर दाबायचं, मग सोडायचा. दोनदा चुकलं. दिवा एकदा मंद झाला आणि परत उजळला. तिसऱ्या वेळी यंत्राने विचार केला, जास्त वेळ केला, आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. पंखा घुमायला लागला.

आर्सेनिओने डिस्क जोडली आणि मग सरळ अंगणात जाऊन पेरूच्या झाडाला टेकून रडला. परत आला तेव्हा डोळे लाल होते, पण बोलणं कामाचं होतं. "सगळं उतरतंय. आता मला आतून सगळी पानं दिसतात, त्याने कुणाला दाखवली नाहीत तीही. तुझ्या नावाचं शोधू?"

झेनाइदा ओनेलिओकडे बघत होती. वीज गेली, आली, वादळ झालं, दर वेळी हा माणूस या काळ्या पडद्यापुढे बसला असेल आणि दहा बोटांनी तिची हाक लिहून आत गेला असेल. ती तिकडे स्वयंपाकघरात ताट झाकत आणि सवतीला शिव्या देत असेल. तिला त्याच्या गालफडात मारावीशी वाटली आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि दोन्ही एकदम करता येईना म्हणून ती उठली.

"नको शोधूस," ती म्हणाली.

ती अंगणात गेली, शेगडीच्या कडेचा विझलेला कोळसा उचलून आणला, आणि यंत्रावरच्या चुना मारलेल्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: जेवायला ये, गार होतंय.

आर्सेनिओ कळवळला. "कोमाद्रे, भिंतीवर नाही. कुणीही वाचेल. चोर आला तर?"

"आला तर जेवून जाईल," झेनाइदा म्हणाली.

मग तिने उरलेली वाटी घेतली आणि नवऱ्यासमोर बसली. सुपावर साय धरली होती. आयुष्यात तिने कुणाला गार अन्न वाढलं नव्हतं, पण आता परत शेगडीपर्यंत जायला तिचे पाय तयार नव्हते. तिने चमचा भरला, त्याच्या तोंडाशी नेला, आणि चमच्याआधी हाक दिली. तो "आलोच" म्हणाला, आणि त्याने तोंड उघडलं.